कौल कुणाचा?

घराचं छप्पर कुणासाठी असतं? त्याच्याखाली राहणाऱ्यासाठी, की समोरच्या रस्त्यानं मोटारीतून जाणाऱ्यासाठी? प्रश्न खुळ्यासारखा वाटेल. पण बेळगावच्या चारी अंगांनी जे नवे लेआउट पडायला लागलेत, त्यांतल्या एखाद्याच्या नियमांची वही हातात घ्या, म्हणजे हा प्रश्न का विचारते ते कळेल.

ज्या लेआउटात आमची साईट आहे त्याचं नाव मी घेत नाही. वही मात्र समोर आहे. छप्पर उतरतंच पाहिजे. खाली स्लॅब, त्यावर सिमेंटची सपाट राखाडी कौलं चिकटवायची, समितीनं ठरवलेल्या दोन छटांपैकी एका छटेची. मातीचं कौल चालणार नाही. जुना माल तर मुळीच नाही. वाळवण रस्त्यावरून दिसता कामा नये. आणि पावसाळ्यात दोनदा कौलं धुऊन शेवाळ काढायचं, नाहीतर दंड.

दोन वेळा वाचून काढली. तिच्यात 'दिसणे' हे क्रियापद पानापानावर आहे. 'ऊन' हा शब्द एकदाही नाही.

समितीत सात जण आहेत, सातही पुरुष. माणसं वाईट नव्हेत. चौघे तर आपल्याच समाजातले, बसदीत भेटणारे. पण दुपारी बारा ते चार यांच्यातला एकही जण घरात नसतो. एप्रिलात वरच्या खोलीत पापड वळत बसणारी, आजारी सासऱ्यांच्या उशाशी बसणारी, बाळंतिणीचं अंथरूण घालणारी कोण असते ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. तिला कुणी विचारलं?

आता कौल काय काम करतं ते बघू. मंगळुरी कौल रिपेवर नुसतं टेकलेलं असतं, एकात एक अडकवलेलं. मधल्या फटींतून गरम हवा निघून जाते. उतार तीस अंशांच्या आसपास असला की पाणी थांबत नाही, पागोळ्यांनी खाली येतं. एक कौल फुटलं तर एकच बदलायचं, मुलगा शिडीवर चढतो आणि पाच मिनिटांत उतरतो. अंधार वाटला तर एका जागी काचेचं कौल घाला, चुलीपर्यंत उजेड. आणि तेच कौल स्लॅबवर सिमेंटनं चिकटवलं की काय उरतं? हवा खेळायला जागा नाही, ऊन कौलातून सरळ स्लॅबमध्ये उतरतं. एका सांध्यातून पाणी शिरलं तर ते कुठून शिरलं आणि कुठं मुरलं याचा पत्ता लागत नाही, डाग दिसतो तो भलत्याच खोलीत. हे छप्पर नव्हे, छपराचा मुखवटा आहे. स्लॅबवर रिपा मारून त्यावर कौलं अडकवली तरी मधून वारा जाईल, पण वहीत तेवढंही नाही.

परंपरेचा गजर करून मी भांडत नाही, हे आधीच सांगते. कारण लाल मंगळुरी कौलसुद्धा आपलं आजी-पणजीपासूनचं नव्हे. बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी 1860 नंतरच्या दशकात मंगळूरला कारखाना काढला, नेत्रावतीकाठची माती यंत्रात दाबली, आणि ते कौल बोटींनी, रेल्वेनं देशभर गेलं. त्याआधी आपल्याकडं कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं होती, गवताची छपरं होती, आणि अथणी-विजापूरच्या बाजूला मातीची माळवदं. पाऊस बघा ना. कणकुंबी-जांबोटीला आभाळ फाटतं, खानापूर-बेळगावात झड लागते, निपाणी-चिकोडीत बेतानं, आणि पुढं अथणीकडं ढग नुसते बघून जातात. एका जिल्ह्यात इतके प्रकार. म्हणून छपरंही तितक्या प्रकारची झाली. पश्चिमेला उतार, पूर्वेला माळवद. कुठल्या समितीनं ठरवलं नव्हतं, पावसानं ठरवलं होतं.

मंगळुरी कौल बाहेरून येऊन आपलं झालं, कारण ते आपल्या पावसाला उपयोगी पडलं. पुढं खानापूरच्या मातीतही तशी कौलं निघू लागली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी बघितल्यात ना? लांबच लांब कौलारू पाठी. वखारवाल्याला शोभेचं काही पडलेलं नव्हतं, माल दमट होऊ नये एवढंच हवं होतं.

याउलट पुण्याजवळ लवासात दासवे वसवलं ते इटलीतल्या पोर्तोफिनोचा चेहरा घेऊन. सह्याद्रीचा पाऊस आणि भूमध्य समुद्राकाठचा चेहरा. आमच्या वहीतली राखाडी छटा त्याच जातीची, कुठल्यातरी थंड मुलुखातल्या चित्रातून उचललेली.

आता जुन्या मालाचं. निपाणीचं आमचं जुनं घर वाटणीनंतर उतरवलं, तेव्हा सासूबाईंनी कौलं विकू दिली नाहीत. परड्यात एकावर एक उभी करून ठेवलीत, दोन हजारांच्या वर. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात, म्हणजे नव्या घराच्या वरच्या मजल्याला पुरून उरतील. आमच्या मेस्त्रीनं मला परीक्षा शिकवली. "अक्का, बोटानं वाजवून बघा. भांड्यागत खणखणलं तर आतपर्यंत भाजलंय. भद्द वाजलं तर बाजूला ठेवा." शंभर वाजवली, अकरा बाजूला गेली. अशी कौलं फेकायची आणि भट्टीतून, कारखान्यातून नवी आणायची, ती का? तर जुनी 'एकसारखी दिसत नाहीत'.

परिग्रह-परिमाण व्रतावर आपल्याकडं प्रवचनं कमी होत नाहीत. दशलक्षणात तर दहा दिवस ऐकतो. साड्या मोजतो, दागिने मोजतो. धडधाकट वस्तू मोडीत काढून नवी घ्यायची सक्ती करणारा नियम मात्र त्याच प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारे लोक करतात आणि त्याला 'दर्जा' म्हणतात. अशा वेळी व्रत चप्पलांबरोबर बाहेर ठेवलेलं असतं की काय, हे त्यांनाच विचारलं पाहिजे.

शेवाळाचं तर विचारूच नका. शेवाळात अनंत जीव, चातुर्मासात अंगणातल्या शेवाळावरून पाऊल टाकू नये, हे आपल्याला लहानपणी आजीनं शिकवलं. आणि समितीनं नेमका तोच काळ निवडलाय, दोनदा घासून काढायला. पावसाच्या आधी, वैशाखात, कोरडं असताना झाडून काढा म्हणा ना. पूर्वी शाकारणी त्याच वेळी व्हायची: फुटकं बदलायचं, सरकलेलं सारखं करायचं, पालापाचोळा काढायचा. धर्मही सांभाळला जायचा आणि ओल्या कौलावर घसरून कुणा मजुराचा पायही मोडायचा नाही.

स्लॅबच हवी असेल तर त्यालाही वाट आहे. केरळात लॉरी बेकरनं स्लॅबच्या खालच्या भागात सळ्यांच्या मधे मंगळुरी कौलं घालून स्लॅब ओतल्या. तिथलं काँक्रीट तसंही फारसं काम करत नाही, मग तिथं कौल का नको? सिमेंट वाचतं, वजन उतरतं, आणि खालून बघितलं तर लाल नक्षी. ही रीत मी मांडली, तर एक सदस्य म्हणाले, "वैनी, पण ते बाहेरून कुठं दिसणार?"

बाहेरून! बेळगावच्या किल्ल्यातली कमळ बसदी या सगळ्यांनी शंभरदा बघितली आहे. रट्टांच्या राज्यातली, 1204 ची. ज्या कमळावरून तिला नाव पडलं ते कुठं आहे? छताच्या आतल्या अंगाला. रस्त्यावरून ते दिसत नाही. आत जाऊन, मान वर करून बघणाऱ्यासाठी ते कोरलंय.

"पण तुम्ही सही केली की," असं मला ऐकवतात. केली. म्हणून कायदाही बघितला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 11 सांगतं की जागा पूर्ण मालकीनं दिली असेल, तर ती अमुकच रीतीनं उपभोगायची ही अट घेणाऱ्यावर बंधनकारक नाही. विकणाऱ्याच्या शेजारच्या जमिनीच्या हितासाठी घातलेली अट तेवढी वेगळी. मात्र सहकारी सोसायटीचे सभासद होऊन तिचे पोटनियम मान्य केले असतील तर गोष्ट निराळी, तिथं पोटनियम जड पडतात. म्हणून बायांनो, साईट घेताना नवऱ्यानं 'इथं सही कर' म्हटलं की लगेच पेन उचलू नका. खरेदीखतात काय आहे, पोटनियमात काय आहे, वेगवेगळं वाचा, आणि वकिलाला दाखवा. साईट तुमच्या नावावर घेत असतील तर दुप्पट वाचा. नोंदणीच्या वेळी नाव बाईचं आणि वहीच्या वेळी मत पुरुषाचं, हे आपल्याकडं फार चालतं.

नियमच नकोत असं माझं म्हणणं नाही. आमच्या वळचणीचं पाणी शेजारणीच्या अंगणात पडू नये, हा नियम पाहिजेच. वादळात उडून दुसऱ्याच्या पोरांवर पडेल असा पत्रा कुणी नुसता दगड ठेवून टाकू नये, हाही पाहिजे. पन्हळीचं पाणी गटारीत न सोडता टाकीत घ्या, अशी सक्ती केली तर मी पहिली सही करीन. हे नियम छपराच्या वागण्याचे आहेत. रंगाचे, छटेचे, वाळवणाचे नियम दुसऱ्याच्या डोळ्यांचे आहेत. शेवया वाळत घातल्यानं साईटची किंमत उतरते म्हणे! मग अशा साईटवर राहायचं कुणी, आणि खायचं काय?

गेल्या महिन्यात आम्ही अकरा जणींनी अर्ज दिला. मातीचं कौल चालावं, जुनं चालावं, कौलं रिपेवर बसवायला परवानगी असावी, धुण्याची अट चातुर्मासातून काढावी, आणि समितीत तीन बायका घ्याव्यात. पहिल्या चार मागण्यांवर 'विचार करू' असं उत्तर आलं. पाचवीवर सचिव हसले आणि म्हणाले, "बायकांना मीटिंगची वेळ जमणार का? रात्री नऊला असते."

जमेल. स्वयंपाक सातला उरकतो आमच्यात, सूर्यास्ताच्या आत जेवणारी घरं आमची. पुढची मीटिंग पंचवीस तारखेला आहे. खणखणणारं एक कौल पिशवीत घालून नेणार आहे.