घरकुल मंजूर, कर्ज नामंजूर

ग्रामीण घरकुलासाठीची पात्रता सरकारी यादीत ठरते. कर्जासाठीची पात्रता मात्र बँकेच्या शाखेत. या दोन पात्रतांमधील दरी हेच ग्रामीण गृहनिर्माणाचे खरे दुखणे आहे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपयांचे अनुदान ठरले. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली. अनुदान मात्र तेवढेच ठेवले. मधल्या काळात सिमेंट, सळई व मजुरी महागली. ही तूट भरून काढण्यासाठी योजनेत ७० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद आहे. परंतु बँकेला जागेचे कागद हवे असतात आणि गावठाणातील असंख्य घरांना ते नाहीत. मग उरतो तो सावकाराचाच उंबरठा.

२०२० च्या ‘स्वामित्व’ योजनेने गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकतपत्रे देण्यास प्रारंभ केला, हे स्वागतार्हच. तथापि, गायरानावर वा वनजमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्यांच्या हाती त्यातून काही पडत नाही. ज्यांना सरकारने स्वतःच गरजू ठरविले, त्यांच्या कर्जाला जामीन राहण्याची जबाबदारीही सरकारनेच स्वीकारली पाहिजे. अन्यथा मंजुरीपत्र हातात राहील आणि भिंती अर्ध्यावरच थांबतील.