पसंतीक्रम कोणाचा?

अणदूरचा खंडोबा वर्षातून सव्वादहा महिने अणदुरात नांदतो व पावणेदोन महिने नळदुर्गास राहावयास जातो. देव न्यावयाचा व परत आणावयाचा तो दोन्ही गावच्या मानकऱ्यांनी लेखी करार करून. ज्या गावास देवाचा मुक्काम ठरविताना एवढी सावधगिरी सुचते, त्याच गावात पोटच्या मुलाचा पुढील चार-सहा वर्षांचा, किंबहुना सर्व आयुष्याचा, मुक्काम ठरविणारा कागद मात्र घरातल्या एकानेही न वाचता भरला जातो, हे आम्हांस मोठे चमत्कारिक वाटते.

हा कागद म्हणजे बारावीनंतरचा प्रवेशअर्ज. जून-जुलै महिन्यांत अणदुरातल्या काय किंवा नळदुर्गातल्या काय, कोणत्याही संगणक-केंद्रात घटकाभर बसून पाहावे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्याने महाविद्यालये व शाखा यांचा आपला पसंतीक्रम द्यावयाचा असतो. पहिल्याच क्रमांकाची जागा मिळाली तर ती बांधली गेली. पुढील फेरीत मन बदलण्यास वाव नाही. म्हणजे अर्जातली पहिली ओळ ही एक प्रकारची शपथच म्हणावयाची. ही शपथ लिहितो कोण? केंद्रचालक. गेल्या वर्षी कोणती जागा किती गुणांवर बंद झाली याची यादी तो समोर ठेवतो आणि वरून खाली उतरत जातो. मुलगा मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक वाचून दाखवतो, एवढाच त्याचा या निवडीत भाग. वडील मागे उभे असतात, "लागंल का कुठं तरी, भाऊ?" हा त्यांचा एकच प्रश्न असतो. संगणकशास्त्र वर, विद्युत मध्ये, स्थापत्य तळाशी, हा क्रम मुलाच्या पसंतीचा नसून गतवर्षीच्या गर्दीचा असतो. त्यालाच आपण 'पसंतीक्रम' म्हणतो.

केंद्रचालकास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तो पन्नास-शंभर रुपयांत जेवढे काम करावयाचे तेवढे करतो. खरा निर्णय त्याच्याकडे येण्यापूर्वी दोन वर्षे, दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच होऊन चुकलेला असतो. गुण ऐंशी टक्क्यांच्या वर गेले की "लातूरला टाकायचा" हे वाक्य घरात उच्चारले जाते. हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. मुलगा जात नाही, त्यास 'टाकतात'. मग जीवशास्त्र घ्यावे की गणित, हा प्रश्न 'डॉक्टर की इंजिनिअर' या दोन शब्दांत मिटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने गणित सोडले की वास्तुरचना, संख्याशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणचे अर्थशास्त्र, इतकी दारे आपण पाठीमागे बंद करीत आहो, हे त्यास कोणी सांगत नाही. सांगणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसते.

लातूरची कीर्ती फुकटची नाही, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. मराठवाड्यातील मुले गुणवत्ता-यादीत चमकू शकतात हे तेथील शिक्षकांनी कष्टाने सिद्ध केले. परंतु एका शहराची शिस्त ही साऱ्या प्रदेशाची एकमेव आकांक्षा होऊन बसावी, याला कीर्ती म्हणत नाहीत. 2024 साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस देशभरातून सुमारे 24 लक्ष विद्यार्थी नोंदले गेले होते; एम.बी.बी.एस.च्या जागा त्या वर्षी सव्वा लक्षाहूनही कमी, आणि ज्यांची फी शेतकऱ्यास झेपेल अशा सरकारी जागा त्यांच्या निम्म्याच्या आसपास. वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीसचे प्रादेशिक सूत्रही 2020 साली रद्द झाले. हा हिशेब चौथीतल्या मुलासही करता येईल. तो करावयाचे टाळून आपण दुसरे वर्ष, तिसरे वर्ष 'रिपीट' करवितो आणि विशीत पोचलेल्या मुलाच्या हाती बारावीचे प्रमाणपत्र व अपयशाची खंत यांखेरीज काही ठेवीत नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येणार, आणि तो पोकळ नाही. "आवडनिवड हे पुण्या-मुंबईकडच्या पोटभरू लोकांचे चोचले आहेत. तीन एकर कोरडवाहू असलेल्याने मुलास इतिहास शिकवावा की काय? डॉक्टर झाला तर घर वर येईल." या बोलण्यामागे अवर्षणाची कित्येक वर्षे उभी आहेत. परंतु आमचा प्रश्न असा की, गरिबाने जोखीम कमी घ्यावी हे तत्त्व मान्य असेल, तर चोवीस लक्षांत एका जागेसाठी दोन वर्षांची फी, खानावळ व खोलीभाडे लावणे ही कमी जोखीम कशी? एकाच पिकावर सारे रान लावू नये हे ज्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही, तो मुलाच्या बाबतीत नेमके तेच करतो. आणि त्यास तसे करावयास कोणी शिकविले? आम्ही शिकविले. शिक्षक, बँकेतले कारकून, तहसिलीतले अव्वल कारकून, या मासिकाचे वाचक व लेखक, आम्ही सारे. आपल्या मुलास आपण लातुरास धाडले, त्याचे गुण चारचौघांत सांगितले आणि ज्याचा मुलगा भूगोल घेऊन बसला त्याची कीव केली. शेतकरी आपला वारा पाहून उफणतो.

पूर्वी दारेच थोडी होती. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण घ्यावयाचे तर हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात, तेही उर्दू माध्यमातून, नाहीतर सरहद्द ओलांडून सोलापुरास, जेथे 1940 साली दयानंद महाविद्यालय निघाले. याच जिल्ह्यात हिप्परगा येथे 1921 साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली, ती सरकारी दार बंद म्हणून. औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांनी 1950 साली महाविद्यालय काढले, आणि मराठवाडा विद्यापीठ तर 1958 चे. त्या पिढीस निवड करावयास जागा नव्हती, तरी तिने दार पाडून वाट केली. आज दारे उघडी आहेत आणि आम्ही एकाच दारापाशी रांग लावून चेंगरत आहो.

इतर दारे दूरही नाहीत. तुळजापुरास टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे. तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात आणि अणदूरच्या मुलास ते घाटातल्या एका पाटीपलीकडे ठाऊक नसते. खुद्द अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या स्त्रियांस 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. आरोग्य म्हणजे केवळ डॉक्टरची पाटी नव्हे, याचा पुरावा गावाच्या वेशीतच आहे. तरी सार्वजनिक आरोग्य किंवा परिचर्या हे शब्द बारावीच्या घरात हार पत्करल्यासारखे उच्चारतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली. ज्या भूभागास शास्त्रज्ञ स्थिर समजत होते त्याने आठ-दहा हजार माणसे गिळली, आणि त्यांत याच जिल्ह्यातली गावे होती. आपल्या पायांखाली काय आहे हे शिकण्याची ओढ त्यानंतर येथल्या मुलांत निर्माण व्हावयास हवी होती. भूगर्भशास्त्रास जावे असे त्यांस सांगितले कोणी? परभणीस कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. तेथे जाणेही पुष्कळ घरी 'नीट नाही झाली म्हणून' या शब्दांत सांगतात.

आता तयारीविषयी. येथे आमचे मत काही वाचकांस कडवट लागेल. स्पर्धेच्या अर्जाची तयारी म्हणजे प्रश्नसंच सोडविणे, ही समजूत अर्धीच खरी आहे. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक परीक्षा 2022 पासून सुरू झाली. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञानसंस्थांची परीक्षा निराळी. या सर्वांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या आधीच मागविले जातात. नीटच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या घरास जून महिन्यात जाग येते तेव्हा ती दारे लागलेली असतात. हरले म्हणून नव्हे, तारीख ठाऊक नव्हती म्हणून गेले, अशी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांचे दुःख आम्हांस नापास झालेल्यांच्या दुःखाहून अधिक बोचते. काही विद्यापीठे अर्जासोबत निबंध मागतात व मुलाखत घेतात. तेथे तर आमची फारच तारांबळ होते. 'मला हा विषय का शिकावयाचा आहे' या एका प्रश्नावर दोन पाने लिहावयाची वेळ आली की कोणाचा तरी तयार मजकूर शोधला जातो. त्यात मुलाचा दोष नाही. अठरा वर्षांत हा प्रश्न त्यास प्रथमच विचारला गेलेला असतो.

मुलींचे आणखी निराळे. 2024-25 पासून आठ लक्षांहून कमी उत्पन्नाच्या घरातील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षणफी राज्य सरकारने पूर्ण माफ केली. तेव्हापासून फीची सबब उरली नाही; पण "बाहेरगावी एकटी कशी ठेवायची" ही सबब कोणत्या शासननिर्णयाने माफ व्हावी? मुलास लातुरास 'टाकणारे' हात मुलीच्या वेळी मात्र उचलत नाहीत, आणि तिचा पसंतीक्रम मोटारीच्या थांब्यापासूनच्या अंतरावर ठरतो.

आम्ही मागतो ते फार मोठे नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने जानेवारीतच एका फळ्यावर सर्व प्रवेशांच्या तारखा लिहाव्यात व त्या पुसू देऊ नयेत. अकरावीतील मुलास एखादा आठवडा तरी शेतकी केंद्रात, दवाखान्यात, वकिलाच्या कचेरीत, मोजणीदारासोबत हिंडू द्यावे. आणि अर्ज भरावयाच्या दिवशी बापाने मागे उभे राहण्याऐवजी मुलाच्या शेजारी बसावे व प्रत्येक ओळीस 'हे का?' असे विचारावे.

मागील उन्हाळ्यात अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. मुलगा दहावी झालेला, अबोल. पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला पाहून आलेला होता. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळते आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो, हे त्याने आम्हांस कागदावर रेघा ओढून समजावले. आदिलशाही अमदानीतल्या त्या कारागिराने पाण्यास दोन वाटा का दिल्या, याविषयी त्याचा स्वतःचा एक तर्क होता, आणि तो वेडगळ नव्हता. मग त्याने विचारले, "असलं बांधायचं कुठं शिकवतात?" आम्ही उत्तर देण्यास सुरुवात केली, तोच आई चहा घेऊन आली, आणि वडिलांनी आमच्याकडे वळून विचारले, "साहेब, लातूरच्या खोल्यांचं भाडं आता काय चाललंय?"