इंग्रजी बोलायचे, पण कोणाशी?

शालेय भाषाशिक्षणाची चर्चा शासकीय पातळीवर निघाली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कोणत्या इयत्तेपासून शिकवायचे, आणि आठवड्याला किती तासिका द्यायच्या? तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि माझ्या मते तोच पहिला असावयास हवा : ही भाषा विद्यार्थ्याने बोलायची ती कोणाशी? या प्रश्नाचे उत्तर ठरलेले नसेल तर केवळ इयत्ता आणि तासिका वाढवून काय साधते, हे जपानच्या अनुभवावरून कळते. उत्तर ठरलेले असेल तर काय घडते, हे मराठी राज्यकर्त्यांच्या तंजावरात पाहावयास मिळते.

प्रथम जपान. शाळकरी मुलांना साधे संभाषणापुरते इंग्रजी यावे यासाठी त्या देशाने केलेला खटाटोप थोडाथोडका नाही. १९८७ साली ‘जेट’ योजनेखाली चार इंग्रजीभाषक देशांतून ८४८ तरुण सहायक म्हणून बोलावण्यात आले, आणि पुढे ही योजना कितीतरी पटींनी विस्तारली. २००३ च्या कृती आराखड्यात शालेय शिक्षण संपेपर्यंत दैनंदिन विषयांवर इंग्रजीत बोलता यावे, असे उद्दिष्ट लिहून ठेवले गेले. २०११ पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजीचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून तेथे तो रीतसर विषय झाला आणि उपक्रम तिसरीपर्यंत खाली आले. तरीही वर्षानुवर्षे इंग्रजी शिकून दोन वाक्ये बोलताना जीभ अडखळते, ही तक्रार जपानी लोक स्वतःच करीत असतात.

याची कारणे दोन. पहिले परीक्षेचे. प्रवेशपरीक्षांचा भर दीर्घकाळ वाचन, व्याकरण आणि भाषांतर यांवर राहिला. विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत ऐकण्याची चाचणी आली ती २००६ साली. बोलण्याची चाचणी खासगी संस्थांमार्फत घेण्याचा बेत २०१९ च्या नोव्हेंबरात स्थगित करावा लागला, कारण दूरच्या भागांतील आणि गरीब घरांतील मुलांवर अन्याय होईल असा आक्षेप आला. पुढे तो सोडूनच देण्यात आला. जे तपासले जात नाही ते शिकवले जात नाही, हा नियम टोकियोत आणि ठाण्यात सारखाच लागू आहे. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. जपानी मुलाला शाळेच्या दाराबाहेर इंग्रजी बोलण्याचे कारणच पडत नाही. विद्यापीठातील शिक्षण, न्यायालय, कारखाना, करमणूक सारे जपानीत चालते. हे त्या समाजाचे वैभवच आहे. परंतु त्या वैभवात संभाषणाच्या इंग्रजीला जागा उरत नाही.

आता तंजावर. मेकॉलेच्या १८३५ च्या प्रसिद्ध टिपणाच्या सुमारे पन्नास वर्षे आधी तंजावर, रामनाड आणि शिवगंगा येथे इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. कल्पना तंजावरचा रेसिडेंट जॉन सलिव्हन याची आणि अंमलबजावणी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाची. स्थानिक राजांनी साहाय्य केले आणि १७८७ साली कंपनीच्या संचालक मंडळाने प्रत्येक शाळेस वर्षाला २५० होनांचे अनुदान मंजूर केले. हेतू अगदी व्यावहारिक होता : कंपनीचे अधिकारी आणि येथील लोक यांच्यात दुभाष्यावाचून थेट बोलणे व्हावे. दुभाष्या मध्ये आला की त्याची मर्जी आणि त्याचे मोल दोन्ही मध्ये येतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. म्हणजे ‘कोणाशी बोलायचे’ याचे उत्तर शाळा उघडण्यापूर्वीच तयार होते.

त्याच काळात तुळजाराजांनी दत्तक घेतलेले सरफोजी श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढत होते. गादीचा वाद होता. आपला हक्क मांडावयाचा तो कंपनीपुढे. इंग्रजी हा या मुलासाठी अभ्यासक्रमातील विषय नव्हता, ती त्याच्या अस्तित्वाची गरज होती. १७९८ साली ते गादीवर आले. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांविषयी सहज बोलणारे हे राजे पाहून ते चकित झाले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की या इंग्रजीने सरफोजींची मराठी खाल्ली नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख त्यांनीच १८०३ साली कोरवला आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर तंजावरच्याच छापखान्यात छापवून घेतले.

राजपुत्राला जे मिळाले ते सामान्य मुलाला कसे मिळणार, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तरही तंजावरातच आहे. एकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास, तेथील मराठी कुटुंबे घरात मराठी बोलत आली आहेत. त्यांतील अनेकांना देवनागरी वाचता येत नाही, शाळेत मराठीची तासिका नाही, परीक्षा नाही. तरी बोली टिकली, कारण आजीशी बोलायचे तर तीच भाषा. जपानी मुलाजवळ इंग्रजीची शाळा आहे, पण श्रोता नाही. तंजावरच्या मराठी मुलाजवळ मराठीची शाळा नाही, पण श्रोता आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको.

आपल्याकडे याची किंमत कोण मोजतो? बारा वर्षे इंग्रजीत उत्तीर्ण होत आलेला, घराण्यातील पहिला पदवीधर मुलाखतीस जातो आणि स्वतःविषयी चार वाक्ये बोलू शकत नाही. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. ‘कोणत्या इयत्तेपासून’ हा प्रश्न सुटला. दहावीच्या भाषाविषयांना तोंडी व अंतर्गत परीक्षेचे २० गुणही होते. परंतु ते बहुतेक ठिकाणी दान म्हणून वाटले जात. २०१८-१९ मध्ये ते बंद केले, त्या वर्षी निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढील वर्षी गुण परत आले. या सर्व वादात मुलांना बोलता येते की नाही, हा मुद्दा फारसा कोणाच्या तोंडी नव्हता.

उपाय खर्चिक नाहीत. चाळीस मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांची तासिका धरली, त्यातील निम्मा वेळ शिक्षक बोलले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास अर्धे मिनिट येते. मुलांना जोडीजोडीने बोलावयास लावले तर तीच वीस मिनिटे प्रत्येक जोडीला पुरी मिळतात. श्रोता वर्गातच निर्माण होतो. चुका तेथल्या तेथे दुरुस्त करण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा आणि अर्थ समजावण्यासाठी मातृभाषा मोकळेपणाने वापरावी. तोंडी परीक्षा शेजारच्या शाळेतील शिक्षकाने घ्यावी, म्हणजे गुणांचे दान थांबेल. आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या मुलांना इंग्रजी बोलण्याचे प्रसंग कोणते येतात याची छोटी यादी करावी. तंजावरच्या मुलाला मंदिर पाहण्यास आलेल्या परदेशी प्रवाशाशी बोलावे लागेल, तर चाकणच्या मुलाला कारखान्यातील परप्रांतीय पर्यवेक्षकाशी.

जेथे अशी यादी होऊच शकत नाही, तेथे संभाषणाचा आग्रह सोडून इंग्रजी चांगले वाचता येणे हेच उद्दिष्ट प्रामाणिकपणे जाहीर करावे. तेही काही कमी मोलाचे नाही. साध्य न होणारे उद्दिष्ट कागदावर ठेवून त्यासाठी दरवर्षी तासिका वाढवीत राहणे, हे मात्र मुलांच्या वेळेचा अपव्यय करणारे प्रशासन होय.