पांढऱ्या पायाचा लोहार

आमच्या हिचा असा ठाम समज आहे, की बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लोहार झालो. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रोज रात्री नऊ ते अकरा मी भट्टी पेटवतो, भाता ओढतो, लोखंडाची कांब तापवतो, ती सांडशीत धरून ऐरणीवर ठोकतो आणि शेवटी पात्याला पाणी देतो. हे सगळं आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, टेबलापाशी, बसल्या जागी चालतं. राखेचा एक कण उडत नाही. कारण हे सारं लिहूनच करायचं असतं. ‘भाता ओढ’ असं मी इंग्रजीत टाइप केलं, की पडद्यावर ‘आग भडकली’ अशी ओळ उमटते. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे प्रत्यक्ष काही न बघता नुसत्या मजकुरावर विश्वास ठेवायची मला सवय आहे, म्हणून हा खेळ मला मानवला असावा.

‘‘अहो, फुटला का?’’ साडेदहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातून प्रश्न येतो.

‘‘फुटला.’’

‘‘मग झोपा आता.’’

फुटतो तो खंजीर. तोही मजकुरातच फुटतो, पण मन खरोखरीचं खट्टू होतं.

हा नाद मला भाच्यानं लावला. त्यानं अमेरिकेतून फोनवर सगळं शिकवलं आणि महिन्याभरात स्वतः तो खेळ सोडून दिला. (सुपारी खाणाऱ्यानं दुसऱ्याला तंबाखू शिकवावी, त्यातला प्रकार.) या खेळांचं कूळ तसं जुनं आहे. १९७८ साली इंग्लंडात, एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं असा एक खेळ लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टल या त्याच्या मित्रानं तो वाढवला. एकाच वेळी अनेकांनी आत शिरायचं भुयार, म्हणून नाव ‘मल्टि-यूजर डंजन’, आणि आद्याक्षरं जोडून ‘मड’. म्हणजे चिखल. मी रोज रात्री चिखलात बसतो असं ही शेजारणींना सांगते, ते यामुळे. आणि या खेळांत वस्तू घडेल की बिघडेल हे ठरतं फाशांवर. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ आला, त्यात माणसं टेबलाभोवती बसून खरे फासे टाकत. आमच्या खेळात फासे यंत्र टाकतं, तेही पडद्याआड. आणि सगळी गडबड या पडद्याआडनं केली आहे.

माझं भांडण यंत्राशी नाही. ते बिचारं प्रत्येक वेळी नव्यानं एक आकडा काढतं आणि मागचं सगळं विसरून जातं. माझं भांडण आहे ते यश वाढवण्याचे उपाय सांगणाऱ्या मंडळींशी.

आमचा नऊ कारागिरांचा एक संघ आहे. कुणी कॅनडात, कुणी फिनलंडमध्ये, एक बाई न्यूझीलंडात. सगळी शिकलेली माणसं. एक जण तर म्हणे विमानं दुरुस्त करतो. (हे वाचल्यापासून मी रेल्वेनं जातो.) तर या मंडळींचे उपाय ऐका. घडवायला बसण्याआधी ऐरणीला वाकून नमस्कार घालावा. उत्तरेकडे तोंड करावं. पायातले बूट काढून ठेवावेत. म्हणजे माझे नव्हेत, खेळातल्या माणसाचे. खेळाचं यंत्र पहाटे बंद करून पुन्हा सुरू करतात, त्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत मौल्यवान धातू काढावा. आणि दोन खंजीर ओळीनं फुटले तर तिसरा बिनदिक्कत घडवावा, कारण आता ‘यायची पाळी’ असते.

या शेवटच्या उपायापायी जगात किती पैसा बुडाला असेल! १९१३ सालच्या १८ ऑगस्टला माँटे कार्लोच्या जुगारखान्यात चक्रावरची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर पडली. आता लाल यायचीच पाळी, आता तरी लाल, असं म्हणत माणसं प्रत्येक वेळी लालवर पैसे लावत राहिली आणि धुपली. गोळीला पाळी ठाऊक नसते. पाळी ठाऊक असते ती नळावर उभ्या राहिलेल्या बायकांना.

मी हसतो आहे, पण फार वर ताठ मानेनं हसायची मला सोय नाही. या संघात एक गृहस्थ ‘भाग्याचा ताईत’ विकतात. पाचशे नाणी. गळ्यात बांधला की शंभरात नव्वदाचं यश पंचाण्णवावर जातं, अशी हमी. मी घेतला. दोन महिने बांधून हिंडलो. मग एका रविवारी बँकेतला जुना रोग उसळला आणि मी कागदावर हिशेब मांडला. शंभरात नव्वद यश असताना शंभर खंजीर हवे असतील, तर सुमारे १११ कांबी लागतात. पंचाण्णव यश असताना १०५. वाचल्या सहा कांबी. कांबेला चार नाणी, म्हणजे बचत चोवीस नाण्यांची. ताईताचे पाचशे वसूल व्हायला मला दोन हजारांहून जास्त खंजीर घडवावे लागले असते. सहा महिन्यांत मी घडवले होते चारशे. बरं, हाच माणूस पन्नासावरून साठावर गेला असता, तर शंभर खंजिरांना २०० ऐवजी १६७ कांबी लागून एकदम तेहतीस वाचल्या असत्या. म्हणजे उपाय हवा असतो तो नवशिक्याला, आणि विकला जातो तो माझ्यासारख्या मुरलेल्याला, कारण नाणी त्याच्याकडे असतात. एकच एक दुर्मीळ धातूचा गोळा हाती असेल आणि तो बिघडला तर दुसरा मिळणार नसेल, तर ते पाच जरूर विकत घ्यावेत. मी ते लोखंडी खंजिरांसाठी घेतले होते. हे मी हिला सांगितलं नाही. ती नाणी खोटी आहेत हे तिला पटलं असतं, पण मी फसलो हे खरं निघालं असतं.

या विषयावर पूर्वी एक प्रयोग झाला आहे. १९४८ साली स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि ती काहीही करोत न करोत, ठरावीक वेळानं दाणे दिले. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापले विधी सुरू केले. एक गोल गोल फिरायला लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात मान खुपसायला लागलं. दाणे येण्याच्या वेळी आपण जे करत होतो त्यामुळेच दाणे आले, असा त्यांचा समज झाला असावा, असं स्किनरनं म्हटलं. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्या हालचालींचा अर्थ निराळा लावला, ते असो. पण आमच्या संघातल्या मंडळींना ऐरणीपुढे वाकताना पाहिलं, की मला स्किनरचंच पटतं.

आणि कबुतरं काय फक्त परदेशातच असतात? १९८३ च्या अंतिम सामन्यात कपिल देवनं रिचर्ड्‌सचा तो झेल घेतला, तेव्हा आमचे शेजारी नेमके गॅलरीत बिडी ओढायला गेले होते. त्यानंतर शेवटची विकेट पडेपर्यंत आम्ही त्यांना आत येऊ दिलं नाही. बिचाऱ्यांनी वर्ल्ड कप आवाजावर पाहिला. पण त्यात त्यांचा मान होता. आपल्यामुळे देश जिंकला असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत. नशिबाची ही एक बाजू बरी असते. दुसरी बरी नसते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या संघात एक नवा पोरगा आला. पोरगा म्हणतो खरा, पण मजकुरात वय दिसत नाही. माझ्यापेक्षा थोरला गृहस्थही असेल. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच असल्यामुळे तो मला अरे म्हणत होता की अहो, तेही कधी कळलं नाही. पण फार उत्साही. सगळ्यांना विचारून विचारून शिकायचा. संघानं त्याला भिंतीवरचा सामाईक हातोडा दिला आणि एक साधं काम सांगितलं. बिघडलं. दुसरं सांगितलं, तेही बिघडलं. मग न्यूझीलंडच्या बाईंनी डोंगर पालथे घालून आणलेल्या धातूचा गोळा त्याच्या हातात दिला, तर तो भट्टीतच वाया गेला. आता नवशिक्याला शंभरात सत्तर यश धरलं, तरी ओळीनं तीनदा बिघडण्याची शक्यता शंभरात जवळजवळ तीन निघते. म्हणजे अशी चाळीसेक नवशिकी पोरं आली तर सरासरीनं त्यातल्या एकाच्या कपाळी हे येतं. पण हा हिशेब त्या रात्री कुणी मांडला नाही. मीही नाही. कुणी तरी लिहिलं, ‘हा माणूस अपशकुनी आहे.’ हसण्यावारी लिहिलं असेल. पण दुसऱ्या दिवसापासून तो भट्टीपाशी आला की बाकीचे आपलं काम थांबवू लागले. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपलंही फुटतं, अशी दोन जणांनी साक्ष दिली. आठवड्यानं मत घेतलं. नऊपैकी सात जण त्याला काढण्याच्या बाजूनं. सातांत मी होतो. माझा खंजीर त्याच रात्री फुटला होता, आणि तो का फुटला याचं एक आयतं उत्तर समोर उभं होतं.

तो एवढंच म्हणाला, ‘मी काय चुकतो ते तरी सांगा.’ कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला ठाऊक नव्हतं. तो गेला.

माझी एक काकू होती. ती लग्न होऊन आमच्या घरी आली त्या वर्षी लोणच्याला बुरशी आली. मोठी बरणी, वर्षाची बेगमी. झालं, काकूचा हात लागला की लोणचं नासतं, हे ठरून गेलं. त्याच साली म्हैस मेली, तेव्हा हातावरून गोष्ट पायांवर आली. पुढली तीस वर्षं लोणचं घालायच्या दिवशी काकू माडीवर बसून तांदूळ निवडायची. आम्हा पोरांना ते तिचं नेमून दिलेलं कामच वाटे. ती बरणी त्या साली उन्हात वाळवायची राहून गेली होती, हे आजी कधी तरी ओघात बोलून गेली. काकू तेव्हा तिथेच होती. ती काही म्हणाली नाही, तांदूळ पाखडत राहिली.

ही काकू मला आठवली ती त्या पोराला काढल्यावर तीन आठवड्यांनी, आणि तीही माझा स्वतःचा हातोडा मोडला म्हणून. मी भिंतीवरचा सामाईक हातोडा उचलला. एरवी कुणी तो घेत नाही, ज्याचं त्याचं हत्यार असतं. सहज ‘हातोडा पाहा’ असं टाइप केलं. पडद्यावर ओळ आली: दांडा खिळखिळा झाला आहे, तोंड चेपलं आहे, दुरुस्तीवाचून यानं बारीक काम होणार नाही.

आमच्या खेळात ‘हेल्प’ असा शब्द टाइप केला, की चार चांगली पानं उघडतात. त्यात सरळ लिहिलं आहे की वस्तू साधणं हे चार गोष्टींवर आहे: तुमचं कसब, वस्तूची अवघडाई, मालाचा कस आणि हत्यारांची अवस्था. ऐरणीला नमस्काराचा उल्लेख नाही. बुटांचा नाही. घडवताना ओळी येत असतात: आग मंदावली, कांब उलटी करा, आता पाणी द्या. त्या वाचायच्या आणि म्हटलं ते करायचं. हलका माल घेऊन, आपल्याला जेमतेम जमेल अशीच वस्तू पुन्हा पुन्हा करायची, म्हणजे कसब वाढतं. एकदम राजाची तलवार काढायला बसलं की फक्त भंगार वाढतं. इतकं सगळं लिहून ठेवलेलं आहे. आणि हा खेळ आहे वाचायचा! यात वाचण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही! वाचण्याच्या खेळात नऊ शिकलेल्या माणसांनी हातोड्यावरची एक ओळ वाचली नाही, आणि माणसाच्या कपाळावरची मात्र सगळ्यांनी वाचली.

मी संघाच्या बैठकीत हे मांडलं. सामाईक हातोडा सर्वांसमोर ‘पाहून’ दाखवला. विमानं दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणाले, ‘तसं असेलही, पण तो आल्यापासून हातोडा खराब झाला असेल.’ यावर काय बोलणार? ताईतवाल्यांनी तर हातोड्यासाठी वेगळा ताईत काढला. साडेतीनशे नाणी. चौघांनी घेतला.

हातोडा मी दुरुस्तीला दिला. अकरा नाणी पडली. मग त्या पोराच्या नावानं खेळातल्या टपालात चिठ्ठी टाकली: चूक तुझी नव्हती, हातोड्याची होती, आणि आमची होती. चिठ्ठी वाचली की पाठवणाऱ्याला तसं कळतं. अजून कळलेलं नाही. सामाईक हातोडा मी माझ्याकडेच ठेवला आहे, उगीच कुणी चेपायला नको म्हणून, आणि रोज भट्टी पेटवायच्या आधी एकदा टपाल बघतो.

‘‘अहो, काय वाचताय एवढं? फुटला का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग इतका वेळ करताय काय?’’

‘‘वाट बघतोय.’’

‘‘कशाची, फुटायची?’’ असं म्हणून तिनं दिवा मालवला. भट्टी तेवढी पेटलेली राहिली.