कागदावरचे महाविद्यालय

नववीची दिवाळी सरते न सरते तोच आपल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत एक व्यवहार ठरून जातो. मूल विज्ञान शाखेला जाणार, त्याचे नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर लागणार आणि ते प्रत्यक्ष बसणार मात्र खासगी शिकवणीवर्गात. या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव आहे. शुल्क एकत्र भरले जाते, उपस्थितीचे गणित दोन्ही संस्था परस्पर जुळवतात आणि प्रयोगवही कोण पूर्ण करणार, हा प्रश्न पालकांच्या मनातही येत नाही.

कोठारी आयोगाने सुचविलेल्या १०+२+३ या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात १९७५ साली अकरावी-बारावीची नवी रचना आली. 'कनिष्ठ महाविद्यालय' हे तिचे नावच पुरेसे बोलके आहे. शाळेचे बोट सुटावे, पण मूल एकदम उघड्यावर पडू नये, म्हणून दोन वर्षांचा हा उंबरठा. तो आपण मुलांच्या आयुष्यातून काढून टाकत आहोत.

शासनाला हे दिसले नाही, असे नाही. २०१८च्या जूनमध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी लागू करण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणीवर्गांनी सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना काढली. तरीही हा व्यवहार थांबलेला नाही. कारण उघड आहे; यंत्राला आणि सूचनेला पळवाट सापडते. पालकाच्या सहीवाचून मात्र यातले काहीच चालत नाही. सोळाव्या वर्षी मुलगा पाहतो, की न जाता हजेरी लागते आणि त्याला वडिलांची संमती आहे. घरात खरेपणाचे धडे देणाऱ्या आपणा सर्वांना हे खटकायला हवे.

स्पर्धा खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. 'नीट'चे ७२० गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा होणारा गुण हे वास्तव आहे. तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक मिळत नसेल तर शिकवणी लावण्यात गैर काही नाही. प्रश्न शिकवणीचा नसून तिच्यासाठी महाविद्यालय गिळून टाकण्याचा आहे.

कारण पदवीच्या पहिल्या वर्षी मुले अडखळतात ती अभ्यासक्रमापेक्षा मोकळेपणामुळे. तिथे 'अभ्यास झाला का?' असे विचारणारे कोणी नसते. दहावीपर्यंत आईने उठवलेला, बारावीपर्यंत वर्गचालकाने दामटलेला मुलगा वसतिगृहाच्या खोलीत एकटा बसतो, तेव्हा हाती वेळ असतो. पण त्याचे काय करावे, हे ठाऊक नसते. ही तयारी आठवी-नववीपासून घरातच व्हावी लागते. आठवड्याचे वेळापत्रक त्याचे त्याने आखावे, मोडले तर त्याचे त्याने सावरावे. आपण गप्प बसावे, आणि पालकांना हेच सर्वांत कठीण जाते! गावातल्या व्याख्यानमालेला त्याला सोबत न्यावे आणि ऐकलेले पानभर लिहायला सांगावे. महाविद्यालयात फळ्यावर सारे लिहून देणारा शिक्षक भेटतोच, असे नाही. मराठी माध्यमाच्या मुलाने विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा दहावीच्या सुटीत नव्हे, नववीपासून मराठी अर्थासह टिपत जाव्यात. स्वतःचे ताट, स्वतःचे कपडे, बँकेतली पावती, एकट्याने एसटीचा प्रवास, हेही त्याच तयारीत येते. मुलगा असो वा मुलगी, यात भेद नसावा.

घरचा जमाखर्चही त्याच्यापासून लपवू नये. वसतिगृहाला आणि खाणावळीला काय लागते, कर्ज कोण फेडणार, हे नववीतल्या मुलाला कळते. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कित्येक पात्र कुटुंबांना तिची वार्ताच नसते.

निवडीचेही तसेच. अकरावीला गणित सोडले की अभियांत्रिकीबरोबरच हवाई दलाच्या आणि नौदलाच्या प्रबोधिनी-प्रवेशाची वाटही बंद होते, हे आधी कोणी सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७पासून दहावी झालेल्या मुलांना त्याच प्रबोधिनीसाठी घडवते. तिचे नाव आपल्या किती घरांत निघते? २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरतात वडील, संकेतशब्द ठाऊक असतो काकांना, आणि ज्याला शिकायचे आहे तो शेजारी उभा राहून पाहत असतो.

येत्या हंगामात 'इंटिग्रेटेड'चा अर्ज समोर येईल, तेव्हा मुलाला घेऊन त्या महाविद्यालयात जावे. आठवड्याला प्रयोगशाळेचे तास किती आणि ते कोणत्या वारी, हे त्यालाच विचारू द्यावे. उत्तर लेखी मागावे. मिळाले नाही, तर सही न करता परत यावे.