आमलीची बोली आणि यंत्राचा कान

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही उतरले होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या कचेरीत आपली भाषा चालत नाही, ती कचेरी आपली वाटत नाही, हे आम्हां गोमंतकीयांस अनुभवाने ठाऊक आहे. आज कचेरीच यंत्रात जाऊन बसू लागली आहे. तेव्हा हे यंत्र कोणाचे बोलणे ऐकते, हा प्रश्न आमलीच्या संदर्भात विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२०२५ साली केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ ही भाषांतर करणारी संगणकीय प्रणाली प्रायोगिक स्वरूपात खुली केली. दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने सिद्ध झालेली ही प्रणाली संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषांपासून सुरू झाली. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु त्या पहिल्या यादीत वारली नाही. भिली आली म्हणजे वारलीचेही काम भागले, असे कोणी समजत असेल तर ती चूक ठरेल. खानवेलकडच्या पाड्यावरून आमलीस आलेली वारली बाई आपले गाऱ्हाणे स्वतःच्या बोलीत मांडते. शेजारच्या बोलीत नव्हे.

सॉफ्टवेअरला कोणतीही भाषा उपजत येत नाही. माणसांनी बोललेली हजारो वाक्ये ध्वनिमुद्रित करावी लागतात, ती अक्षरांत उतरवावी लागतात, दुसऱ्या भाषेतील अर्थाशी त्यांची जोडी लावावी लागते. मग कोठे यंत्र शिकते. इंग्रजीला छापील मजकुराचा सागर लाभला आहे. वारलीचे भांडार मात्र मुख्यतः लोकांच्या मुखी आहे. लिपीची अडचण नाही, कारण ही बोली देवनागरीत लिहिता येते. अडचण आहे ती पाड्यापाड्यांवर जाऊन ऐकण्याच्या चिकाटीची.

आणि हे काम करताना वारली चित्रकलेचा धडा विसरता कामा नये. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु तोवर ती चित्रे कपड्यांवर आणि भिंतींवर कोणीही छापून विकत होता. चित्राचे झाले तेच आवाजाचे होऊ नये. बोलणाऱ्याची संमती घ्यावी, त्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा, आणि जमलेले भांडार एखाद्या कंपनीच्या तिजोरीत न पडता सर्वांस खुले राहावे.

२०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. दीव येथे वडोदऱ्याच्या आयआयआयटीचे केंद्र आहे. तेथील विद्यार्थ्यांनी प्रणाली लिहावी, हवेलीतील शिकलेल्या आदिवासी मुलामुलींनी बोली नोंदवावी आणि तपासावी, व प्रशासनाने त्यांना वेतन द्यावे. यासाठी अवाढव्य खर्चाची गरज नाही. इच्छा मात्र हवी. पुढच्या २ ऑगस्टला ध्वजवंदन होईल, भाषणे होतील. त्या दिवशी आमलीच्या एखाद्या सरकारी खिडकीवर यंत्राने वारलीतले एक वाक्य जरी नीट ऐकले, तरी मुक्तिदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे आम्ही म्हणू.