मस्टर निघालं की बाजार भरतो

मे 2020 मध्ये आलापल्लीतल्या आमच्या किराणा दुकानात माल होता, गिऱ्हाईकही होतं. नव्हता तो पैसा. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली माणसं टाळेबंदीत पायी परतली होती. मोहफुलं वेचून झाली होती, पण ती विकायला बाजार नव्हता. बाबांनी उधारीच्या वहीत नवं पान उघडायचं बंद केलं, कारण अहेरीच्या ठोक व्यापाऱ्यानं त्यांची उधारी बंद केली होती. त्याचीही वर कुणीतरी केली असणार. मंदी म्हणजे काय, ते मला त्या वहीनं शिकवलं. हात तेवढेच, जमीन तेवढीच, भूक तर जास्तच. पण आधी दुसऱ्यानं खर्च करावा म्हणून प्रत्येक जण थांबलेला.

मग बोडी खोल करायचं आणि मजगीचं मस्टर निघालं. रोजी 238 रुपये. खात्यात पैसे पडले तशी आधी मीठ, तेल, साबणाची खरेदी झाली, मग जुनी उधारी फिटली. बाबांनी ठोकवाल्याचे चुकते केले आणि नवा माल भरला. शिंप्याची मशीन सुरू झाली, सायकलवाल्याकडे पंक्चर यायला लागली. सरकारनं एकदाच दिलेला रुपया गावात चार-पाच हातांतून फिरला. पुस्तकात याला गुणक म्हणतात. केन्सनं 1936 मध्ये हेच मांडलं होतं, की मंदीत सगळे हात आखडतात तेव्हा खर्च करू शकणारा एकच उरतो, सरकार.

‘माझ्या टॅक्सवर हे फुकटे जगतात,’ असं पुण्यात नोकरी करणारा माझा एक मित्र ग्रुपवर लिहितो. भावा, फुकट काय? तिथे माती मोजून पैसे मिळतात, मे महिन्याच्या उन्हात. आणि टॅक्सचं म्हणशील तर तुझी पगाराची स्लिप काढ. प्रोफेशन टॅक्सचे 200 रुपये कापलेले दिसतील. तो कर 1975 साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानं लाखो लोकांना कामावर घेतलं. 1973 च्या उन्हाळ्यात हा आकडा 50 लाखांच्या आसपास होता. वि. स. पागे यांनी आग्रह धरलेली हमी 1977 मध्ये कायद्यात आली, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाली आणि 2005 मध्ये देशानं तिच्यावरून आपला कायदा केला. लाज वाटण्यासारखं यात काय आहे?

‘घरात पैसे नसले की आपण खर्च कमी करतो, सरकारनंही करावा’, हे दुसरं आवडतं वाक्य. घरानं खर्च कमी केला तर पगार कमी होत नाही. सरकारनं केला तर आमचं गिऱ्हाईक जातं, गिऱ्हाईक गेलं की आमचा माल उठत नाही, माल उठला नाही की करही येत नाही. म्हणजे ज्या तुटीला घाबरून हात आखडला, ती तूट वाढतेच.

बरं, पैसा ओतायचाच तर वरून ओता, असंही म्हणतात. तोही प्रयोग झाला. 20 सप्टेंबर 2019 ला कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आला. सरकारनंच सांगितलं, 1.45 लाख कोटींचा महसूल सोडला. पण गिऱ्हाईक नसताना कोण नवा कारखाना काढतो? 2020 च्या 20 लाख कोटींच्या पॅकेजमध्येही कर्जं आणि हमीच जास्त. मनरेगाला जादा मिळाले 40 हजार कोटी, म्हणजे 2 टक्के. आलापल्लीतल्या माझ्या बाबांना कर्ज नको होतं, विक्री हवी होती.

खर्च केव्हाही चांगला, असं मी म्हणत नाही. सगळे हात कामाला लागलेले असताना सरकार पैसा ओतत राहिलं तर भाव भडकतील. आणि उशिरा आलेला पैसा बराचसा वाया जातो. मजुरी 15 दिवसांत मिळायला हवी, असा नियम आहे. आमच्या गिऱ्हाईकांची कित्येकदा महिना-दोन महिने अडकली. तोवर त्यांचं घर आमच्या उधारीवर चाललं, म्हणजे सरकारला बिनव्याजी कर्ज दिलं ते आम्ही. ठोकवाला मात्र व्याज लावतो.

मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. मनरेगाचं मोठेपण असं, की वाईट वर्षी जास्त लोक काम मागतात आणि जास्त पैसा आपोआप गावात येतो. पॅकेजची, भाषणाची वाट बघावी लागत नाही. 2020-21 मध्ये देशभर जवळपास 389 कोटी दिवसांचं काम निघालं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा आणला. 100 चे 125 दिवस झाले, हे सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. केंद्र राज्याला किती निधी देणार ते आधी ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याच्या माथी आणि ठरलेल्यातही 40 टक्के वाटा राज्याचा, हे कोणी केलं नाही. आधी अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्रावर होता. शेतीच्या हंगामात 60 दिवस कामं बंद ठेवायची, हेही त्यात आहे.

आता मंदी आली की होणार काय, तर मागणी वाढेल, निधी ठरलेला असेल आणि नेमका तेव्हाच राज्याचा महसूल घटलेला असेल. राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्जालाही मर्यादा. मे 2020 सारखा महिना पुन्हा आला, तर मजगीच्या मस्टरवरचे वाढीव पैसे मुंबईतून कोण आणि कुठून काढून देणार, ते मला कोणीतरी हिशेब मांडून दाखवावं.